हाताला काम

९ ऑगस्ट २०१८ रोजी हैदराबादच्या हायटेक सिटीत आयकिया या स्वीडिश कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं आणि आसपासचे रस्ते तुंबून गेले. चार लाख चौरस फुटांचं दुकान, एका वेळी हजार माणसं जेवू शकतील एवढं उपाहारगृह. कुकटपल्ली हे उपनगर तिथून फार लांब नाही. तिथली कुटुंबंच्या कुटुंबं जत्रेला जावं तशी रविवारी तिकडे जाऊ लागली, पलंगांवर बसून बघू लागली, खण उघडून मिटू लागली.

दुकानाचा मूळ मंत्र मात्र बघण्याचा नाही, करण्याचा आहे. कपाट सुट्या फळ्यांच्या रूपात घरी न्यायचं, खोक्यातला चित्रांचा कागद पुढ्यात पसरायचा आणि ॲलन कीनं एकेक स्क्रू आवळत ते आपणच उभं करायचं. १९५६ साली गिलिस लुंडग्रेन या तिथल्या कर्मचाऱ्याला एक टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्यानं त्याचे पाय काढले. तेव्हापासून सामान चपट्या खोक्यात विकायचं आणि जोडणी गिऱ्हाइकावर सोपवायची, ही कंपनीची रीत झाली. भारतात ती जशीच्या तशी चालणार नाही, हे कंपनीला आधीच उमगलं असावं. हैदराबादचं दुकान सुरू करतानाच तिनं घरपोच कारागीर पाठवणाऱ्या अर्बनक्लॅपशी हातमिळवणी केली.

कारण उघड आहे. स्वीडनमध्ये माणसाचा तास महाग, म्हणून ज्याचं कपाट त्यानं जोडायचं. कुकटपल्लीत फोन केला की ड्रिल मशीन घेऊन माणूस दारात हजर होतो, आणि त्याची मजुरी देणाऱ्याला ती जड जात नाही. शिवाय बलुतेदारीच्या जुन्या व्यवस्थेनं लाकूड सुताराचं, लोखंड लोहाराचं, माती कुंभाराची अशी वाटणी करून ठेवली होती. उरलेल्यांनी त्या कामांना हात लावायचा नाही, ही तिचीच दुसरी बाजू. त्यामुळे आपल्याकडे घरातली फळी स्वतः ठोकणारा पुरुष एक तर फार गरीब असतो किंवा फार हौशी. बायकांची गोष्ट वेगळी. त्यांचे हात कधी रिकामे नव्हतेच. पापड, कुरडया, गोधड्या, वाती, रांगोळ्या. यातल्या कशालाही कुणी छंद म्हटलं नाही.

कुकटपल्लीच्या मध्यावर हाउसिंग बोर्डाची कॉलनी आहे, सगळ्यांच्या तोंडी केपीएचबी. आंध्र प्रदेश गृहनिर्माण मंडळानं ती बांधली तेव्हा उत्पन्नाप्रमाणे घरांचे गट पाडले. आजही पत्त्यात एलआयजी, एमआयजी अशी अक्षरं येतात, पण त्या अक्षरांवरून घर ओळखू येत नाही. मंडळानं दिलेल्या बैठ्या घरांवर मालकांनी मजले चढवले, जिने बाहेर काढले, खाली दुकान आणि वर वसतिगृह केलं. घर आपल्या मनासारखं करून घेण्याची हौस इथं भरपूर दिसते; फक्त हात मिस्त्रीचे असतात.

मग इथं लोक स्वतःच्या हातांनी काय करतात?

या प्रश्नाला एक परदेशी उत्तर तयार आहे आणि त्याच कंपनीच्या नावानं ते ओळखलं जातं. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकॉन आणि डॅन ॲरिएली या तिघांनी २०१२ साली ‘आयकिया परिणामा’वरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी काही लोकांना साधी खोकी जोडायला दिली, काहींना तीच खोकी आयती दाखवली. ज्यांनी खोकं स्वतः जोडलं ते त्यासाठी ६३ टक्के जास्त पैसे द्यायला तयार झाले. कागदाच्या घडीकामाचा प्रयोग आणखी गमतीचा. नवशिक्यांनी केलेल्या वाकड्यातिकड्या बेडकांना आणि बगळ्यांना त्रयस्थ माणसं सरासरी पाच सेंट द्यायला राजी होती. करणारे स्वतः मात्र तेवीस सेंट म्हणाले, म्हणजे तरबेज माणसाच्या कामाला त्रयस्थांनी दिलेल्या सत्तावीस सेंटांच्या जवळपास. या निबंधात एक अटही आहे. काम अर्धवट राहिलं, किंवा केलेली वस्तू लगेच मोडून टाकायला लावली, तर ही माया विरून जाते.

प्रयोगशाळेत ते खरं असेल. कुकटपल्लीत नवरात्राच्या आधीपासून जे घडतं, त्याच्यापुढे ती अट टिकत नाही.

मराठी घरांत सर्वपित्री असते त्या भाद्रपद अमावास्येला तेलंगणात बतुकम्मा सुरू होते आणि नऊ दिवसांनी, दुर्गाष्टमीच्या सुमारास, सद्दुला बतुकम्मानं संपते. २०१४ साली वेगळं राज्य झालं तेव्हा हा सण राज्याचा उत्सव म्हणून जाहीर झाला. बतुकम्मा म्हणजे फुलांचा मनोरा. परातीत आधी पानं पसरायची. भोपळ्याची असली तर उत्तम. त्यांवर फुलांचं एक कडं, देठ आतल्या बाजूला. मधली पोकळी चिरलेल्या देठांनी आणि पाल्यानं भरून तळहातानं दाबायची. वर दुसरं कडं, थोडं लहान. मग तिसरं. गोपुरासारखं निमुळतं होत ते वर जातं आणि शेंड्यावर हळदीची गौरम्मा बसते. सगळं कौशल्य मधल्या भरावात आहे. तो सैल राहिला की पाचव्या-सहाव्या थराला मनोरा एका अंगाला झुकतो आणि मग बाहेरून कितीही सुंदर फुलं लावली तरी सावरत नाही.

फुलं देवपूजेतली नव्हेत. पिवळा धमक तंगेडू म्हणजे आपला तरवड, ज्याच्या सालीनं कातडी कमावत आणि जो आता तेलंगणाचं राज्यफूल आहे. पांढरट-गुलाबी तुऱ्यांचा गुनुगू म्हणजे कुरडू. कोकणात पावसाळ्यात त्याच्या पाल्याची भाजी करतात, देशावर शेतकरी तण म्हणून उपटून बांधावर फेकतो. लातूर-नांदेडकडून आलेल्या बाईला हे दोन्ही लहानपणापासून ओळखीचे, पण परातीत बसायच्या योग्यतेचे कधी वाटलेले नसतात. गुनुगूच्या जुड्या दोऱ्यानं बांधून, देठ एका रेषेत कापून, तुरे रंगाच्या पाण्यात बुडवतात. निळा, जांभळा, गर्द गुलाबी असे थर परातीत उठून दिसतात ते त्यामुळे. माळावरून फुलं तोडून आणणं हे घरातल्या पुरुषांचं काम, रचणं बायकांचं. कुकटपल्लीत माळ उरले नाहीत. फुलं आता गुडीमल्कापूरच्या फुलबाजारातून किंवा रस्त्याकडेच्या ढिगातून वजनावर घेतली जातात, आणि सणाच्या आदल्या संध्याकाळी रानातल्या तणाला जो भाव येतो तो ऐकून मराठी शेतकरी चक्रावून जाईल.

संध्याकाळी सोसायटीच्या मोकळ्या जागेत सगळे मनोरे मध्ये ठेवतात आणि बायका टाळ्या वाजवत, वाकत, गोल फिरतात. मराठी डोळ्यांना हे परकं वाटतच नाही. हत्तीच्या चित्राभोवती फेर धरणारा भोंडला, हादगा, विदर्भ-खानदेशातली भुलाबाई या साऱ्या याच पट्ट्यातल्या, याच हंगामातल्या बहिणी. फरक एवढाच की भोंडल्यातला हत्ती पाटावर रेखला की काम संपलं. सगळी मजा गाण्यांत आणि खिरापत ओळखण्यात. बतुकम्मात मेहनत वस्तूवर आहे. सकाळपासून चार-पाच तास खपून रचलेली ती वस्तू रात्री पाण्यात जाते.

आणि जाताना कुणी हळहळत नाही. माझी किती उंच झाली, शेजारणीचा चौथा थर कसा फसला, यावर चर्चा होते, फोटो काढले जातात, आणि मग परात तिरकी करून सगळं सोडून दिलं जातं. ‘मोडल्यावर माया जाते’ हे सूत्र इथं लागू पडत नाही, कारण मोडणं हा बेताचाच भाग आहे. उलट असं वाटतं की, ती वस्तू राहणार नाही म्हणूनच हात इतके मोकळे चालतात. राहणाऱ्या वस्तूला डाग दिसतो, कोपरा चुकलेला वर्षभर डोळ्यांत सलतो, पाहुण्यांना कारण सांगावं लागतं. वाहून जाणाऱ्या वस्तूला हिशेब नसतो.

दारापुढच्या मुग्गूचंही, म्हणजे रांगोळीचंही, तसंच. तेलुगू घरात पहाटे उंबऱ्याबाहेर ठिपके मांडले जातात आणि दुपारपर्यंत पायांखाली पुसले जातात. इमारतींच्या अरुंद पॅसेजमध्ये आता पांढऱ्या ऑइलपेंटनं कायमची मुग्गू रंगवून ठेवण्याची सोय निघाली आहे, चिकटवायच्या पट्ट्याही मिळतात. त्या सोयीच्या आहेत, टिकतात, आणि आठवड्याभरात त्यांच्याकडे कुणी बघेनासं होतं.

मराठी माणूस हैदराबादला नवा नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि नंतर १९५६ पर्यंत भारतातल्या हैदराबाद राज्यात होता. विवेक वर्धिनी ही मराठी माणसांनी उभी केलेली शाळा १९०७ सालची. जुनी मराठी वस्ती सुलतान बाजार, काचीगुड्याच्या बाजूची. कुकटपल्ली, मियापूर, निजामपेट भागातली मराठी घरं बहुतेक नंतरची, संगणकाच्या नोकऱ्यांमागून आलेली. दिवाळीचा सण आला की या घरांतल्या हातांना काम मिळतं आणि सामानाचा शोध सुरू होतो. मियापूरहून एल. बी. नगरला जाणाऱ्या मेट्रोनं उस्मानिया मेडिकल कॉलेजपाशी उतरलं की कोठी, तिथून पुढे बेगमबाजार; तिथं घाऊक भावात न मिळणारी वस्तू शोधावी लागते. पतंगी कागदाची इथं वाण पडू नये, कारण हे पतंगांचं गाव; धूलपेटेत संक्रांतीसाठी पतंग बांधणारी घरंच्या घरं आहेत. आकाशकंदिलाच्या कामट्या, खळ आणि झिरमिळ्या एवढं जमलं की बाल्कनीत षट्कोन उभा राहायला एक संध्याकाळ पुरते.

मुलांच्या किल्ल्याचं अवघड. महाराष्ट्रातली काळी चिकणमाती इथं नाही. हैदराबाद ग्रॅनाइटवर वसलेलं, माती तांबडी, मुरमाड. पार्किंगच्या कोपऱ्यात पोती भिजवून उभारलेला रायगड लालसर दिसतो आणि त्यावर पेरलेले हळीव उगवायच्या आत वॉचमन दोनदा विचारून जातो की हे कधी काढणार. या मुलांना क्वचितच कुणी सांगतं की १६७७ साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघालेले शिवाजी महाराज कुतुबशहाच्या भेटीला याच शहरात आले होते, आणि गोवळकोंडा इथून तासाभराच्या आत गाठता येतो. खरा किल्ला इतका जवळ असताना मातीचा करायची गरज काय, असं मोठ्यांना वाटेल. किल्ला करणाऱ्या मुलाला तो प्रश्न पडत नाही.

बाजारात आयता प्लास्टिकचा कंदील मिळतो, आणि हातच्या वस्तूंवर प्रेम करणारे त्याला नाक मुरडतात. इथं जरा थांबायला हवं. कुकटपल्लीला लागूनच बालानगर आहे. तिथं १९६८ साली सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ टूल डिझाइन सुरू झाली, आणि भोवतालच्या लहानलहान कारखान्यांत आजही डाय आणि साचे तयार होतात. असा साचा मशिननं कातला तरी शेवटचा हात माणसाचाच असतो: पॉलिश पेपर आणि पेस्ट घेऊन पोलाद घासत राहायचं, आरशासारखं होईपर्यंत. प्लास्टिकच्या कंदिलाच्या गुळगुळीत पाकळीमागेही कुणाचे तरी दुखरे खांदे असतात. ‘हातानं केलेलं’ आणि ‘मशिननं केलेलं’ अशी सरळ रेघ मारणाऱ्यांनी बालानगरात एक फेरी मारावी.

महाराष्ट्रातल्या शाळांनी ही रेघ पुसायचा प्रयत्न केला होता. १९३७ सालच्या वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगानं कार्यानुभवाची शिफारस केली. कल्पना मोठी होती. वर्गात पोचेपर्यंत तिचं काय झालं ते चाळिशीपुढच्या सगळ्यांना आठवतं: आइसक्रीमच्या काड्यांचं घर, बल्बवर रंगवलेला चेहरा, आणि तपासणीच्या आदल्या रात्री आईनं पुरी केलेली फाइल. याउलट पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ पासून मुलांना खरोखरच वेल्डिंग, बांधकाम आणि शेतीची कामं करायला लावून विज्ञान शिकवलं. तिथली मुलं शेड उभी करत, ती शेड वापरात असे. शोभेची वस्तू आणि उपयोगाची वस्तू यांतला फरक त्यांना परीक्षेत लिहावा लागला नाही.

हौसेच्या कामात क्रोशाचं स्थान वेगळं. एक हुक, एक दोऱ्याचा गुंडा. टीव्ही बघताना, मेट्रोत, डॉक्टरच्या दारात बसून करता येणारं हे काम. कुकटपल्लीत गोदावरी जिल्ह्यांतून आलेली तेलुगू कुटुंबं भरपूर आहेत, आणि त्यांच्या घरांत पांढऱ्या लेसचे रुमाल, तक्क्यांचे अभ्रे हमखास दिसतात. ही लेस पश्चिम गोदावरीतल्या नरसापूरची. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशा शिकवला आणि हळूहळू तो युरोप-अमेरिकेला माल पुरवणारा धंदा झाला. मारिया मिएस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीला तिथं राहून अभ्यास केला. १९८२ साली त्यांचं पुस्तक निघालं. त्यांनी लिहिलेलं वाचून रुमालाकडे पहिल्यासारखं बघता येत नाही. घरकाम सांभाळून बायका दिवसाला सहा ते आठ तास विणत होत्या आणि त्यांना मिळणारे पैसे शेतमजूर बाईच्या मजुरीहूनही बरेच कमी होते. व्यापाऱ्यांचं म्हणणं, या काही कामगार नव्हेत, घरी बसलेल्या गृहिणी, फावल्या वेळात विणतात. बायकाही स्वतःला कामगार म्हणवून घेत नव्हत्या. घराबाहेर पडावं लागत नाही यातच प्रतिष्ठा होती. माल मात्र जहाजानं जात होता.

म्हणजे हुक तोच, दोरा तोच, टाकाही तोच. केपीएचबीतल्या सोफ्यावर जो छंद, तो नरसापूरच्या ओसरीवर रोजगार, आणि त्या रोजगाराला छंद म्हणून स्वस्तात पाडलेलं. हौशी माणसाचं सुख त्याच्या हातातल्या कौशल्यात असतं असं आपण समजतो. ते बऱ्याच अंशी काम हवं तेव्हा टाकून देता येण्यात असतं. अर्धवट स्वेटर पिशवीत वर्षभर पडून राहिला तरी चूल अडत नाही.

ब्लाउजवरच्या मग्गम कामाचेही असेच दोन चेहरे. लाकडी चौकटीवर कापड ताणून आरीनं जरी, मणी, टिकल्या भरायच्या. लग्नसराईत बुटिकच्या मागच्या खोलीत चार कारागीर एकाच चौकटीभोवती बसून मान मोडेपर्यंत हे काम करतात. पुढच्या खोलीत त्याच कामाचे हौशी वर्ग चालतात, आणि तिथं चौकट छोटी, उजेड चांगला, खुर्चीला पाठ.

कुकटपल्लीपासून शंभरेक किलोमीटरवर, सिद्दिपेट जिल्ह्यात, चेरियाल आहे. कापडावरच्या लांबलचक पट्टचित्रांसाठी ते प्रसिद्ध. त्यांवरून कथेकरी गावोगाव जातिपुराणं सांगत. आपल्या पिंगुळीची चित्रकथी याच कुळातली, तिथं चित्रं सुट्या कागदांवर असतात एवढंच. कथेकऱ्यांना गिऱ्हाइक उरलं नाही तेव्हा चेरियालच्या नकाशी चित्रकारांनी पट्ट आखूड केले, आणखी आखूड केले, आणि आता चौकटीत मावणारी चित्रं, मुखवटे, चाव्यांना लावायच्या बाहुल्या करून फ्लॅटच्या भिंतींपर्यंत आणि खिशांपर्यंत पोचले. त्यांच्या कार्यशाळांत शहरी मंडळी हौसेनं बसतात. तिथं सगळ्यात मजा रंगांची नसते, चिंचोक्यांची असते. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवून खळ करायची, त्यात लाकडाचा भुसा मळून मुखवटा घडवायचा. चिंचोक्याची खळ मराठी माणसाला घोंगडीमुळे ठाऊक आहे; सनगर तीच लावून घोंगडीला ताठपणा आणतात. हात त्या चिकट लगद्यात बुडाले की फेविकॉलची बाटली फारच कोरडी वाटू लागते.

आता वरच्या सगळ्या म्हणण्याला छेद देणारी एक वस्तू राहिली: गोधडी. ती वाहून जात नाही, पुसली जात नाही. घरच्यांनी घरच्यांसाठी केलेली आणि वीस वर्षं अंगावर राहणारी. जुनं लुगडं वर, जुनं लुगडं खाली, मध्ये फाटक्या धोतरांचे, परकरांचे थर, आणि कडेपासून आत येत जाणारा धावदोरा. नांदेड-लातूरहून कुकटपल्लीला येणाऱ्या सामानात ती असतेच, आणि एसीच्या खोलीतही रजई बाजूला सारून तीच ओढली जाते. पण ती नव्यानं करायची म्हटली तर घरात कच्चा मालच नाही. कपाटात साड्या भरपूर, बहुतेक सिंथेटिक. त्या घाम टिपत नाहीत, थरांत एकमेकींवरून घसरतात, आणि धावदोरा ओढला की कापड चुण्या धरतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडं ही आता पैसे देऊनही न मिळणारी वस्तू आहे. त्यामुळे हौशी सून सिकंदराबादच्या जनरल बाजारातून कोरं सुती कापड मीटरनं आणते, घरी येऊन त्याचे चौकोन कापते आणि ते पुन्हा जोडायला बसते. नवं कोरं कापड फाडून गोधडी करायची, हे गावाहून आलेल्या सासूला काही केल्या पटत नाही. ती तसं दिवसातून चारदा बोलून दाखवते. कोपऱ्यांची ठिगळं मात्र स्वतःच शिवते, कारण सुनेचे टाके लांब पडतात.